छान बोलता येतं म्हणून ऑटिझम नाही, असं होत नाही

पत्र असं आहे, लांब होतं म्हणून थोडं कापून देतेय:

"ताई, मी ३१ वर्षांची आहे, कराडची. बी.कॉम. झालं, टॅली शिकले, पुण्यात अकाउंट्सच्या दोन नोकऱ्या केल्या आणि दोन्ही सोडल्या. काम चांगलं यायचं, त्याबद्दल कधी कुणी बोललं नाही. पण ऑफिसमधला गलका, डोक्यावरची ट्यूबलाइट, दुपारी सगळ्यांनी मिळून डबा खायचा, मधेच साहेबांनी हाक मारायची, या सगळ्याने संध्याकाळी रूमवर येऊन अंधार करून पडून राहायचे. एकेकदा तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तोंडातून शब्द फुटायचा नाही. आता आई-बाबांकडे आहे, एका सीएंचं थोडं काम घरून करते. मागच्या वर्षी बहिणीच्या मुलाला ऑटिझम निघाला. त्याच्या डॉक्टरांनी दिलेला प्रश्नांचा कागद वाचला आणि वाटलं हे तर माझ्याबद्दल लिहिलंय. ऑनलाइन टेस्ट केली, ५० पैकी ३८ आले. अँक्झायटीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, एवढं छान बोलता तुम्ही, ऑटिझम कसला. आई म्हणते लहानपणी तू किती शहाणी होतीस, कुणाला त्रास नाही. बाबा झेडपीचे रिटायर्ड शिक्षक, ते म्हणतात कशाला शिक्का मारून घेतेस, लग्नाचं काय करायचं. या वयात तपासणी करावी का, कुठे करावी, दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का आणि त्याचा खरंच उपयोग होतो का? मला अगं-तुगंच करा."

---

हो, तपासणी करून घे. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं लांबलचक होणार आहे.

आणि अजून एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करून ठेव, निदान वेगळं आणि दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. निदान हे डॉक्टर आणि तुझ्यातलं असतं, तुला स्वतःला कळावं म्हणून, ते कुठल्या सरकारी नोंदीत आपोआप जात नाही, बाबांना कळवलं जात नाही, पुढच्या कंपनीला कळत नाही. प्रमाणपत्र हा नंतरचा निर्णय, तो घ्यायचा की नाही हे तू सहा महिन्यांनी ठरव नाहीतर दोन वर्षांनी ठरव. बरेच लोक हे दोन्ही एकत्र करतात आणि मग "शिक्का बसेल" या भीतीने पहिल्या पायरीवरच अडकून बसतात. बाबांनाही हेच सांग.

वयाचं म्हणशील तर तुझ्या वयाच्या मुलींचं लहानपणी निदान होणं अवघडच होतं गं. १९९५ चा जो अपंग व्यक्ती कायदा होता त्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला, पण सगळ्या हक्कांसकट यादीत आला तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, तेव्हा प्रकार ७ चे २१ झाले आणि कायदा लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. तोपर्यंत तू बावीसेक वर्षांची, डिग्रीच्या शेवटाला आलेली. निदानासाठी डॉक्टर लोक जे अमेरिकन मॅन्युअल वापरतात त्यातही २०१३ पर्यंत ॲस्पर्जर, म्हणजे नीट बोलणाऱ्या माणसांमधला ऑटिझमचाच प्रकार, वेगळं आणि ऑटिझम वेगळा होता, आवाज-उजेड-स्पर्श सहन न होणं हे ऑटिझमच्या निकषांत आलं तेही २०१३ लाच. त्यात जी मुलगी बोलते, पाढे पाठ म्हणते, वर्गात गप्प बसते, तिच्याकडे बघून कुठल्या बाईंना शंका येणार होती? मस्ती करणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचे, गप्प बसणाऱ्या मुलीला शाबासकी द्यायचे.

आता त्या डॉक्टरांचं "छान बोलता तुम्ही". मला हे वाक्य ऐकून दरवेळी त्रास होतो कारण ते ऐकून माणूस घरी येतो आणि पुढची पाच-सात वर्षं पुन्हा कुणाला विचारत नाही. बोलता येणं हा निकष नाहीये. समोरच्याशी देवाणघेवाण कशी चालते, न बोललेलं कळतं का, बदल झाला की काय होतं, एखाद्या गोष्टीत किती खोल शिरता, आवाज-वास-कपडे याचा त्रास किती, आणि हे सगळं लहानपणापासून आहे का, हे बघायचं असतं. तू छान बोलत असशीलही, पण पत्राच्या कापलेल्या भागात तूच लिहिलंयस की सीएंना फोन करायच्या आधी वहीत वाक्यं लिहून काढतेस आणि त्यांनी मधेच वेगळा प्रश्न विचारला की गोंधळतेस. हे त्या डॉक्टरांना सांगितलंस का? बहुतेक नसशील, कारण कुणी विचारल्याशिवाय आपण सांगत नाही, आणि दहा मिनिटांच्या फॉलोअपला एवढं विचारायला त्यांनाही वेळ नसतो. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं बघून बघून हसायचं कधी, मान डोलवायची कधी हे शिकून घेतलेल्या बायका वरवर अगदी नॉर्मल वाटतात, आणि त्याची किंमत घरी आल्यावर अंधारात मोजतात. याला मास्किंग म्हणतात आणि मोठेपणी तपासणी करणाऱ्या माणसाला ते ओळखता आलंच पाहिजे.

त्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नको. ऑटिझमवर गोळी नाही हे खरं, पण अँक्झायटी खरी असते, झोप लागत नाही ते खरं असतं, आणि त्यावर औषधाचा उपयोग होतो. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

ऑनलाइन टेस्टबद्दल थोडक्यात. ती ५० प्रश्नांची टेस्ट केंब्रिजच्या संशोधकांनी २००१ मध्ये काढलेली, ३२ किंवा त्याहून जास्त आले की पुढची तपासणी करा एवढंच ती सांगते. सोशल अँक्झायटी, ओसीडी (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अस्वस्थपणा) असलेल्यांचाही स्कोअर वर जातो. तेव्हा ३८ चा प्रिंट काढून डॉक्टरांसमोर ठेवू नको, "मला असं वाटतं कारण" म्हणून तुझी उदाहरणं ठेव.

कुठे जायचं? इथे खरी अडचण आहे, कारण आपल्याकडे ऑटिझमचं जे काही आहे ते जवळजवळ सगळं लहान मुलांसाठी आहे, थेरपी सेंटर म्हण, चाइल्ड डेव्हलपमेंट क्लिनिक म्हण. तुला हवा मोठ्या माणसांना तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. काउन्सेलर चालणार नाही, लाइफ कोच तर नाहीच नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्यांचं भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये, रजिस्ट्रेशन असलं पाहिजे, नंबर सरळ विचार, खरे लोक चिडत नाहीत. फोनवर आधीच विचारून घे: मोठ्या माणसांचं ऑटिझम असेसमेंट करता का, किती सिटिंग, एकूण खर्च किती, आणि शेवटी लेखी रिपोर्ट मिळतो का. हा चौथा प्रश्न विसरू नको. खासगीत काही हजार रुपये जातात आणि मग हातात नुसतं "ट्रेट्स आहेत" एवढं तोंडी घेऊन आलेल्या मुली मी बघितल्यात.

पैसे जास्त घालवायचे नसतील तर सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग, तुझ्या ओळखीच्या शहरातलं म्हणजे पुण्याचं ससून, मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर पालिकेचं केईएम किंवा नायर. तिथे गर्दी, आवाज, रांग हे सगळं आहे, तुझ्यासाठी ते सोपं नाही, म्हणून सकाळी लवकर जा, हेडफोन घाल, आणि बहिणीला बरोबर घे जी खिडकीवर उभी राहील. अजूनच गुंतागुंतीचं वाटलं तर बेंगळुरूचं निम्हान्स, मानसिक आजारांची मोठी केंद्रीय संस्था, आहे. आणि एक सोपा रस्ता, तुझ्या भाच्याच्या डॉक्टरांनाच विचार की मोठ्यांना कोण बघतं, त्या लाइनमधल्या लोकांना एकमेकांची माहिती असते.

आता आईची गोष्ट, इथे जरा सविस्तर लिहिते कारण निदान बऱ्याचदा इथेच अडतं. तपासणाऱ्याला तुझं तीन-चार वर्षांचं वय कसं होतं हे कळायला हवं, आणि ते तुला आठवत नाही, आईला आठवतं. पण आईला जर विचारलंस "मला लहानपणी ऑटिझम होता का" तर ती नाहीच म्हणणार, तिला ते आपल्या वाढवण्यावरचं बोट वाटतं. तसं विचारूच नको. संध्याकाळी निवांत असेल तेव्हा गप्पा मारता मारता विचार, मी लहानपणी कशाने रडायचे? लग्नात, जत्रेत, बँड वाजायला लागला की काय करायचे? भातावर वरण ओतलेलं चालायचं की वेगळंच लागायचं? स्वेटर घालून घ्यायचे का, फ्रॉकच्या मागचं लेबल टोचतं म्हणायचे का? खेळायला गल्लीत जायचे की एकटीच काहीतरी ओळीने मांडत बसायचे? पाहुणे आले की? शाळा बदलली तेव्हा? आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेव, तारीख टाकून. "तू किती शहाणी होतीस, एका कोपऱ्यात बसवलं की तासन् तास हलायची नाहीस, बटणांचा डबा दिला की झालं", हे आई कौतुकाने सांगते आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने ती फार मोलाची माहिती असते. आई बरोबर यायला तयार झाली तर उत्तमच. नाही झाली तर मावशी, मोठी बहीण, आणि शाळेची प्रगतिपुस्तकं, त्यात शेरे असतात बघ, "अभ्यासात हुशार, वर्गात मिसळत नाही", "हळू बोलते", "गटात भाग घेत नाही". झेरॉक्स काढून फाइलला लाव.

त्या फाइलमध्ये स्वतःचंही एक-दोन पानं लिही. मोठमोठे शब्द नकोत, रोजचं लिही. पुण्यातल्या नोकरीत दिवस कसा जायचा, कुठल्या वेळी सहन होईनासं व्हायचं, घरी आल्यावर किती वेळ लागायचा, जेवण-अंघोळ राहून जायची का, नोकरी नक्की कुठल्या प्रसंगाने सोडली. आता घरून काम करताना काय जमतं आणि काय आईलाच करावं लागतं, बँकेत जाणं, फोन उचलणं, दारावर आलेल्या माणसाशी बोलणं. तुला तोंडी सांगायला अवघड जातं तर कागद पुढे कर, त्यात काही कमीपणा नाही.

तपासणी झाली आणि निदान ऑटिझमचं आलं नाही, सोशल अँक्झायटी किंवा एडीएचडी किंवा आणखी काही आलं, तर? तरी ते फुकट गेलं नाही, कारण त्रास तर आहेच आणि त्यावर नेमकं काय करायचं ते कळतं. फक्त कारण विचार, कशावरून नाही म्हणताय ते नीट समजावून घे. कारण पटण्यासारखं असेल तर मान्य कर, आणि परत "बोलता की तुम्ही" एवढंच असेल तर दुसरीकडे दाखव.

आता दाखला. यासाठी यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, आता प्रमाणपत्र तिथूनच मिळतं, हाताने लिहिलेला जुना प्रकार बंद झालाय. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, आणि निदानाचा रिपोर्ट जोडायचा. सायबर कॅफेत भरून घेतलास तर समोर बसून भरून घे, कारण ते लोक घाईत "मानसिक आजार" किंवा "बौद्धिक अक्षमता" टिकमार्क करतात, तुझा प्रकार ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर असाच यायला हवा, चुकीचा प्रकार पडला की पुढे दुरुस्तीला हेलपाटे. कायदेशीर पालक म्हणूनही कुणाचं नाव द्यायची तुला गरज नाही, तू सज्ञान आहेस, स्वतःचे व्यवहार स्वतः करतेस. नॅशनल ट्रस्ट कायद्यात कायदेशीर पालक नेमायची सोय आहे पण ती ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी आहे, कुणी "करून ठेवा, बरं असतं" म्हणालं तरी सही करू नको.

हॉस्पिटल म्हणून तुझ्या पत्त्याप्रमाणे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय येईल. पण जिथे तुझे उपचार चालू आहेत त्या सरकारी हॉस्पिटलमधूनही प्रमाणपत्र मागता येतं, तेव्हा ससूनला निदान झालं तर तिथेच विचारून बघ, ज्यांनी तुला दोन-तीनदा नीट तपासलंय त्यांनीच दाखला देणं केव्हाही चांगलं. नियमाप्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात मशीन बंद, डॉक्टर रजेवर, तपासणाऱ्या डॉक्टरांचं बोर्ड फक्त ठरलेल्या वारी, असं सगळं असतं, त्यामुळे कराडहून एसटीत बसायच्या आधी फोन करून बोर्डाचा वार आणि मानसोपचाराचे डॉक्टर आहेत का हे विचारत जा.

बोर्डात टक्केवारी ठरवायला आयएसएए नावाची आपली भारतीय मोजपट्टी वापरतात. ती तुला आधी समजलेली बरी. ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. १ म्हणजे क्वचित, २ म्हणजे कधी कधी, साधारण २१ ते ४० टक्के वेळा, आणि ५ म्हणजे जवळपास नेहमीच. एकूण ७० च्या खाली आलं तर ऑटिझम नाही असं धरतात, ७० ते १०६ सौम्य, त्यापुढे १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. आणि ७० झाले की ४० टक्के धरतात, सगळ्या सवलतींना जो ४० टक्क्यांचा उंबरठा लागतो तो तिथे येतो. अडचण अशी की ही मोजपट्टी मुलांना आणि तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. त्यात ९ प्रश्न बोलण्या-भाषेचे आहेत, ऐकलेलंच पुन्हा पुन्हा म्हणणं वगैरे, तिथे तुझ्यासारखीला बहुतेक ठिकाणी १ पडणार, म्हणजे झाले ९. उरलेल्या ३१ प्रश्नांत सगळीकडे २ पडले तर ६२, बेरीज ७१. म्हणजे मोठ्या, बोलणाऱ्या माणसाचं सगळं त्या १ आणि २ च्या मधल्या फरकावर असतं.

म्हणून तिथे काय होतं ते सांगते. केसपेपर काढून, नंबर लागून, दोन तास बाकावर बसून तू आत जातेस, आत दोन-तीन माणसं, बाहेर दारात गर्दी, आणि डॉक्टर पटापट विचारतात, "मित्रमैत्रिणी आहेत का?" तू म्हणतेस हो, कारण एक आहे, कॉलेजची, जिच्याशी वर्षातून दोनदा व्हॉट्सॲपवर बोलतेस. "आवाजाचा त्रास होतो?" तू म्हणतेस तसा होतो थोडा, कारण तुला तक्रार करायची सवयच नाही. दोन्हीकडे १ लागला. यात कुणी वाईट वागलं नाही, पण नोंद झाली ती खोटी झाली. त्याऐवजी जे आहे तेवढंच पण पूर्ण सांगायचं: एक मैत्रीण आहे, भेट होऊन दोन वर्षं झाली, मी स्वतःहून फोन करत नाही. मिक्सर लागला की मी घराबाहेर जाते, लग्नाला गेले तर हॉलच्या मागे बसते. किती वेळा विचारलं तर आठवड्यातून किती दिवस ते सांग. "छान बोलता की" म्हणाले तर शांतपणे सांग, बोलता येतं सर, पण आज इथून गेल्यावर उद्या दिवसभर मला काही करता येणार नाही. बहिणीला आत येऊ देता का विचार, घरच्या माणसाने सांगितलेलंही त्या मोजपट्टीत धरतात.

वाढवून मात्र एक अक्षर सांगू नको. कुणी एजंट "मॅडम तिथे बोलूच नका, खाली बघून बसा" असं शिकवायला आला तर त्याच्या वाऱ्यालाही उभी राहू नको. खोटेपणा करून सवलत घेतली तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये बनावट दाखल्यांची प्रकरणं गाजल्यापासून पडताळणी कडक झालीय, जी व्हायलाच हवी होती. त्या खोट्या लोकांमुळेच खऱ्या माणसाला आत शंकेने बघतात, याचा मला फार संताप येतो.

टक्केवारी ४० च्या खाली आली किंवा अर्ज नाकारला तर कारण लेखी घे आणि अपील कर, त्याच कायद्याच्या कलम ५९ मध्ये ती सोय आहे, उशीर लावू नको. मिळालं तर कार्डाचा रंग बघ, ४० च्या खाली पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. आणि दाखला कायमचा दिलाय की ठरावीक वर्षांचा तेही तिथल्या तिथे वाचून घे.

फायदा काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. खरं सांगते, तू जे इंग्लंड-अमेरिकेचे व्हिडिओ बघतेस तिथे मिळतो तसा दरमहा भत्ता आपल्याकडे तुझ्यासारखीला मिळणार नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम २०२५ मध्ये १५०० ची २५०० रुपये महिना झाली, चांगलं झालं, पण त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, बाबांच्या पेन्शनमुळे तू त्यात बसत नाहीस. ज्यांच्या घरात हे बसत असेल अशा वाचकांनी मात्र तहसील कार्यालयात अर्ज जरूर करावा.

तुझ्या उपयोगाचं काय ते बघू. एक म्हणजे नोकरी. सरकारी भरतीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार या गटाला. राज्य सरकारच्या भरतीत वयाची अट दिव्यांगांना ४५ पर्यंत शिथिल आहे, म्हणजे तुझ्या हातात चौदा वर्षं आहेत, आणि लेखा लिपिकाच्या जागा तर तुझ्याच कामाच्या आहेत. जाहिरातीत ते पद तुझ्या प्रकारासाठी सुनिश्चित केलंय का हे बारीक अक्षरात बघायचं. माझ्या मते दाखला काढायचं तुझ्यासाठी हे सगळ्यात मोठं कारण आहे.

खासगीत आरक्षण नाही, पण प्रत्येक आस्थापनेला समान संधीचं धोरण करावं लागतं, कलम २१, आणि त्याच्या आधारावर तू मागू शकतेस: कोपऱ्यातली जागा, हेडफोन, कामं तोंडी सांगण्याऐवजी मेलवर, मीटिंगची आधी कल्पना, दोन दिवस घरून काम. लहान कंपन्यांत हे कुणाला माहीत नसतं, त्यामुळे कलम दाखवून सुरुवात करू नको, "असं केलं तर माझं काम जास्त चांगलं होतं" असं म्हण आणि ते मेलवर लिहून ठेव. निदान सांगायचं की नाही हे सर्वस्वी तुझ्यावर. इंटरव्ह्यूत सांगू नको असं माझं मत, रुजू झाल्यावर माणसं बघून सांग.

दुसरं, बाबांचा इन्कम टॅक्स. अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलीसाठी त्यांना ७५ हजारांची वजावट मिळते (१९६१ च्या आयकर कायद्यात ८०डीडी), तू स्वतः कमवायला लागलीस की तुला तेवढीच (त्या कायद्यात ८०यू). ऑटिझमला त्यासाठी डॉक्टरांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं (१९६१ च्या कायद्याखाली फॉर्म १०-आयए). पण हे फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत, नवी घेतली असेल तर नाही, तुझ्या सीएंनाच विचार. नोकरी लागल्यावर व्यवसाय कर माफ. एसटीत ७५ टक्के सवलत. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत, ऑटिझम तिच्यात आहे. कराड नगरपालिकेला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, तिथे नाव नोंदवून ठेव, कधी काय निघेल ते त्यांच्या नोटीस बोर्डावर कळतं.

तिसरं, बाबांशी एकदा नीट बसून बोलायचं आहे. पेन्शनरच्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तीवेतनाची तरतूद नियमांत आहे, पण अट अशी की त्या दिव्यांगत्वामुळे ते स्वतःची उपजीविका कमवू शकत नाही. तू आज थोडं का होईना कमावतेस, आणि पुढे जास्त कमावशील असं मला तुझं पत्र वाचून वाटतं, म्हणून हे तुझ्यासाठी आहे असं आज म्हणवत नाही. तुझ्या भाच्याच्या आई-वडिलांनी मात्र त्यांच्यातलं कुणी सरकारी नोकरीत पेन्शनवालं असेल तर हे आत्ताच समजून घ्यावं.

लग्नाचं. बाबांची काळजी मी समजू शकते, त्यांच्या पिढीला मुलीच्या नावापुढे काही लागलं की छातीत धस्स होतं. पण दाखला नसला म्हणून तुला गलका सहन व्हायला लागणार नाही, आणि ज्या घरात रोज दहा माणसं येतात-जातात तिथे न सांगता जाऊन पडलीस तर ते तुलाही झेपणार नाही आणि त्या घरालाही कळणार नाही काय बिनसलं. लग्न करायचं असेल तर त्या माणसाला आधी सांगायचं, टक्केवारी नाही सांगायची, तू कशी राहतेस ते सांगायचं, मला संध्याकाळी तासभर एकटीला लागतं, अचानक पाहुणे आले की माझं बोलणं बंद होतं. जो हे ऐकून पळेल तो गेलेला बरा. आणि लग्न करायचंच नसेल तर तेही घरात सांग, ऑटिझमच्या आडून नको.

बाबांना पटवायला मी एकच गोष्ट करेन तुझ्या जागी, त्यांना भाच्याच्या डॉक्टरांकडे पुढच्या वेळी बरोबर ने. शिक्षक माणूस आहे, समोर बसून ऐकलं की समजतं त्यांना, आणि त्यांच्या वर्गातली दोन-तीन गप्प मुलं त्यांना तिथेच आठवतील.

हे सगळं होईपर्यंत मन फारच खाली गेलं, नको ते विचार यायला लागले तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फोनवर बोलणं जमत नसेल तर आधी बहिणीला मेसेज कर आणि तिला लावायला सांग.

या आठवड्यात एवढंच कर: आईशी गप्पा आणि प्रगतिपुस्तकं शोधणं. अपॉइंटमेंटचा फोन बहिणीने केला तरी चालेल, वर दिलेले चार प्रश्न तिला लिहून दे.